नवव्या प्रश्नाचं उत्तर

रविवारी सकाळी साडेदहाला दादानं जेवणाच्या टेबलावरची काच स्वतः फडक्यानं पुसली, तेव्हाच त्याच्या बहिणीनं, वकीलबाईंनी, ओळखलं की आज या टेबलावर जेवण येणार नाही. दादा काच पुसायचा तो फक्त कागद पसरायचे असले तर. वडील गेल्यावर वाटणीचे कागद याच काचेवर पसरले होते, आणि भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या, लग्नाला कुणाला बोलवायचं त्याची यादीसुद्धा. दोन्ही वेळा घरातलं कुणी ना कुणी पुढे वर्षभर अबोला धरून बसलं होतं.

घराच्या खालीच दादाचा कारखाना. बरण्यांची पत्र्याची झाकणं. आठवडाभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या ठकठकीत वरच्या मजल्यावर कुणाचं बोलणं कुणाला धड ऐकू येत नसे, आणि वहिनींच्या मते या घराचा संसार त्याच आधारावर टिकला होता. रविवारी प्रेस बंद. म्हणून रविवार धोक्याचा.

"वाच," दादानं बँकेचं जाडजूड पाकीट पुढे सरकवलं. "आणि वाचून झालं की ओरडू नकोस."

"मी अजून पाकिटाला हातसुद्धा लावलेला नाही."

"तुझा चेहरा ओरडतोय."

टेबलाच्या एका टोकाला वहिनी बसल्या होत्या, हाताची घडी घालून. त्यांच्या समोर भाची, आणि भाचीच्या शेजारी, पण खुर्ची वीतभर मागे घेऊन, जावई. जावई त्याच बँकेत होता. झाकणांच्या कारखान्याला हा करार त्यानंच साडेतीन वर्षांपूर्वी विकला होता. त्या तिमाहीत त्याला दोन करार कमी पडत होते; एक सासऱ्यांनी घेतला, दुसरा सासऱ्यांच्या ओळखीच्या बरणीवाल्यानं. बरणीवाला आता फोन उचलत नव्हता.

वकीलबाईंची या विषयात चोवीस वर्षं गेली होती. पहिली अकरा वर्षं त्यांनी एका मोठ्या फर्ममध्ये बसून बँकांसाठी असले करार लिहिले, आणि पुढची तेरा वर्षं नियामक मंडळात बसून त्याच करारांवर नोटिसा काढल्या. पगार पहिल्या कामाला जास्त होता, मान दुसऱ्या कामाला. आता मंडळातला तो सगळा विभागच त्यांच्या हाताखाली होता. असल्या करारांना म्हणतात ते डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, हे एकदा वहिनींनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की ज्या कागदाला स्वतःची अशी किंमत नसते, दुसऱ्याच कशाच्या तरी किमतीवर जो वरखाली होतो, तो. वहिनींनी जावयाकडे बघून मान डोलावली होती.

"जावईबापू," वकीलबाई म्हणाल्या, "हा करार काय आहे ते तुमच्या तोंडून ऐकू द्या. वहिनींना समजेल असं सांगा."

"मला कशाला?" वहिनी म्हणाल्या. "ज्यांनी सही केली त्यांना समजेल असं सांगायला सांगा."

जावयानं घसा साफ केला. "सोपं आहे, आत्या. बाबांचा माल बाहेर जातो, पैसे परदेशी चलनात येतात. त्या चलनाचा भाव दोन रेषांच्या आत राहिला, तर बँक बाबांना दरमहा थोडी रक्कम देणार."

"आणि रेषेबाहेर गेला तर?"

"तर बाबा बँकेला देणार."

"थोडी?"

"दुप्पट." मग घाईनं, "पण त्याला मर्यादा आहे."

"किती?"

जावयानं भाचीकडे बघितलं. भाची काचेकडे बघत होती. "मर्यादा बँकेच्या देण्याला आहे, आत्या. बाबांच्या देण्याला नाही."

"मला वाटलं विमा आहे," दादा म्हणाला. "विमाच म्हणाले होते हे. चलनाचा विमा."

"दादा, घर जळाल्यावर मालकानं कंपनीला पैसे द्यायचे, असा विमा तू कुठे बघितलास?"

"पण तीन वर्षं मिळत होते ना! दर महिन्याच्या पाच तारखेला. मी म्हटलं, बँक आहे, देते आहे."

"बँक देते आहे म्हटल्यावर तरी शंका यायला हवी होती."

गेल्या चार महिन्यांत भाव रेषेबाहेर गेला होता, आणि नुसता गेला नव्हता, तिकडेच बिऱ्हाड करून राहिला होता. आता बँकेनं तडजोडीचा कागद पाठवला होता. वकीलबाईंनी तो वाचायला घेतला आणि तिसरी ओळ दोनदा वाचली. 'ग्राहकाशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध लक्षात घेऊन' बँक आपलं निम्मं येणं सोडून देत होती. उरलेल्या निम्म्यापोटी कारखान्याची मागची नवी शेड बँकेकडे जाणार होती, दोन्ही नव्या प्रेससकट. बदल्यात दादानं एवढंच लिहून द्यायचं होतं, की करार आपण पूर्ण समजून-उमजून केला, कुणीही आपली दिशाभूल केली नाही, आणि याबाबत आपण कुठेही, कधीही तक्रार करणार नाही. सही उद्या दुपारी बारापर्यंत.

"जिव्हाळा!" वकीलबाई म्हणाल्या. "शेड घेऊन जातायत, आणि जिव्हाळा! मूळ करारातल्या उदाहरणात यांनी भाव कुठवर जाऊ शकतो म्हणून दाखवलंय बघ. रेषेपर्यंत. रेषेच्या पुढे कागदच संपलाय! पुढे जग नाहीच! आणि ही 'समजून-उमजून'ची भाषा कुणासाठी? पत्र्याची झाकणं करणाऱ्या माणसासाठी! चलनाचे पर्याय, उलटे पर्याय, अर्ध्या पर्यायावर दुप्पट पर्याय... हे माझ्या खात्यातल्या दोघांना समजत नाही, आणि त्यातला एक परीक्षेत पहिला आलेला आहे!"

"मी म्हटलं होतं, ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये. सही करायची नाही. उद्या सकाळी मंडळाकडे तक्रार द्यायची. माझा भाऊ आहेस म्हणून मी फाइलला हात लावणार नाही, तसं लिहून देईन. पण माझ्याशिवायही तिथे माणसं आहेत."

"हेच मी आठ दिवस सांगतेय," वहिनी म्हणाल्या. "लढा म्हणून."

"आई, यांची नोकरी," भाची हळू म्हणाली.

"आत्या," जावई म्हणाला. त्याचा आवाज नम्र होता, आणि त्या नम्रपणातच काहीतरी वाईट वाट बघत उभं होतं. "सही नको म्हणण्याआधी एकदा मूळ कराराचं जोडपत्र बघा. शेवटची दोन पानं."

वकीलबाईंनी पान उलटायच्या आधीच ओळखलं. बारा प्रश्न, प्रत्येकापुढे 'हो'चा चौकोन, 'नाही'चा चौकोन. ग्राहकाला सगळं समजलं आहे याची खात्री करून घेणारी प्रश्नावली. दादानं बाराही ठिकाणी 'हो'वर खूण केली होती, ठसठशीत, एकाच मापाची.

"दादा, तुला असल्या करारांचा दहा वर्षांहून जास्त अनुभव आहे?"

"कसला अनुभव? छे."

"मग 'हो' का?"

"चौकोन रिकामा ठेवायचा?" दादाला खरंच नवल वाटलं. "आपल्याकडे पेटीच्या तपासणी-चिठ्ठीवर बारा चौकोन असतात. गोलाई, काठ, रबर, रंग, सगळं. एक चौकोन मोकळा राहिला तर पेटी गेटबाहेर जात नाही. वडिलांनी एकदा माझी अख्खी गाडी परत फिरवली होती, एका चौकोनासाठी. चाळीस वर्षं मी खूण केल्याशिवाय कागद हातावेगळा केलेला नाही."

"ती तपासणी झाकणाची होती. ही तुझी आहे."

"मग मी काय झाकणापेक्षा कमी आहे?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. वकीलबाईंची नजर खाली सरकत नवव्या प्रश्नावर आली आणि तिथेच थांबली. 'या व्यवहाराबाबत आपण स्वतंत्र कायदेतज्ज्ञाचा सल्ला घेतला आहे काय? असल्यास नाव लिहावे.' खूण 'हो'वर होती. पुढच्या ओळीत दादाच्या वळणदार अक्षरात त्यांचं स्वतःचं नाव होतं, पदवीसकट, हुद्द्यासकट. पदवीचं स्पेलिंग बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा.

वकीलबाईंनी ते पान दादासमोर धरलं.

"हे काय आहे?" वकीलबाईंनी विचारलं. या वेळी त्या खरोखरच ओरडल्या नाहीत, आणि दादा तेवढ्यानं घाबरला.

"नाव विचारलं होतं. वकील कोण, तर तू. मला दुसरा वकील आहे कुठे? चांगलं ठळक लिहिलं मी. म्हटलं, त्यांनाही कळू दे कुणाच्या घरी आलेत ते."

"मी तुला या व्यवहाराबद्दल कधी सल्ला दिला?"

"दिला होतास ना. त्याच महिन्यात, जिन्यात चप्पल घालताना. म्हणालीस, दादा, बँकेचे कागद जरा सांभाळून."

"तो सल्ला नव्हता. तो निरोप होता!"

"सल्लाच होता. मी पाळला नाही, ती गोष्ट वेगळी."

वकीलबाईंनी पानाच्या तळाशी बघितलं. साक्षीदार म्हणून जावयाची सही होती, छोटीशी, आखडून बसल्यासारखी.

"तुम्हाला माहीत होतं मी हा करार बघितलेलाही नाही."

"आत्या, फॉर्म ग्राहक भरतो. मी फक्त साक्षीदार."

"माझ्या नावाचे."

"मी बाबांना थांबवायला हवं होतं. मान्य." जावयानं खुर्ची आता पुढे घेतली. "पण आता काय होणार ते बघा. तक्रार गेली, की बँकेचे वकील पहिलं हेच पान काढणार. ग्राहकाला सल्ला देणारी वकील म्हणजे नियामक मंडळाचीच विभागप्रमुख. तक्रार बाजूला राहील आणि तुमचीच चौकशी लागेल. आणि सही झाली, तर हे जोडपत्र कपाटात जाईल, आणि कपाटातच राहील. मी मुद्दाम विचारून आलोय."

"कुणाला विचारून आलात?"

जावई पाकिटाची कडा काचेच्या काठाशी जुळवू लागला. म्हणजे बँकेनं त्याला पाठवलं होतं. मागच्या दोन पानांवर बोट ठेवायला.

मग वकीलबाईंच्या डोळ्यांदेखत टेबल फिरलं. आधी दादा. "असं असेल तर मी सही करतो. शेड गेली तर गेली. वडील जुन्या शेडमध्येच सगळं करत होते." मग वहिनी, ज्या आठ दिवस लढा म्हणत होत्या. त्यांनी घडी घातलेले हात सोडले आणि म्हणाल्या, "वकीलबाई, तुमची नोकरी घालवून आम्हाला शेड नको." भाचीनं तर सुटकेचा श्वासच टाकला, कारण सहीनं तिच्या नवऱ्याची नोकरी वाचत होती. दहा मिनिटांपूर्वी जे एकमेकांच्या अंगावर येत होते ते सगळे आता एका बाजूला होते, प्रेमानं, समजूतदारपणानं. इतकी एकी या घरात वडील गेल्यापासून दिसली नव्हती. ती बँकेनं घडवून आणली होती.

"पण मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या, "वकिलाचं नाव लिहा म्हणणारा हा प्रश्न कुठल्या मेल्यानं काढला? ज्याच्याकडे वकील नाही तो काय लिहिणार?"

जावई खाली बघत म्हणाला, "आत्यांना विचारा."

"मलाच का?"

"आम्हाला नोकरी लागल्यावर आठ दिवस शिकवतात, आत्या. प्रश्नावलीचाही एक तास असतो. ती कुणी तयार केली ते पहिल्याच पानावर छापलेलं आहे. मी अभिमानानं सगळ्यांना सांगितलं होतं, या माझ्या आत्या म्हणून."

दादानं बहिणीकडे बघितलं. तो तिच्या नकाराची वाट बघत होता.

"मी काढला तो प्रश्न," वकीलबाई म्हणाल्या.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. फर्मच्या बैठकीच्या खोलीत सातजण बसले होते, आणि वरिष्ठ वकिलांनी विचारलं होतं, की उद्या ग्राहक म्हणाला मला कुणी समजावून सांगितलं नाही, तर काय करायचं? सगळे पानभर लांबीची कलमं सुचवत होते. सगळ्यांत धाकट्या त्याच होत्या. त्या म्हणाल्या, कलम नको, प्रश्न टाका. वकिलाचा सल्ला घेतलात का, असं विचारा आणि खाली नावाला एक ओळ ठेवा. बँकेच्या गुबगुबीत खुर्चीत बसलेला धंदेवाला माणूस माझ्याकडे वकील नाही असं कधीच म्हणणार नाही. लाजेल. कुणाचं तरी नाव लिहील. एकदा नाव लिहिलं की संपलं. वरिष्ठांनी उठून हात मिळवला होता. पुढच्या महिन्यात वकीलबाईंना खिडकीची खोली मिळाली, आणि दादानं इथे खाली, प्रेस थांबवून, सगळ्या कामगारांना पेढ्यांऐवजी अर्ध्या दिवसाची सुट्टी वाटली होती.

हे सगळं त्यांनी टेबलाला सांगितलं. सुट्टीसकट.

"म्हणजे तुला माहीत होतं," दादा म्हणाला. त्याची मान लाल झाली होती. "लोक खोटं लिहितील हे माहीत होतं."

"नुसतं माहीत नव्हतं. त्यावरच ते उभं होतं."

"आणि मी बाजारात सांगत फिरतोय, माझी बहीण बँकांना वठणीवर आणते!"

"तेरा वर्षं आणतेय, दादा. त्याआधी अकरा वर्षं त्यांना वठणीवर कसं यायचं नाही ते शिकवत होते."

"शाबास!" दादा उभा राहिला. "लाजेल म्हणे! लाजलोच मी. जावई समोर बसलेला, त्याचा साहेब शेजारी, आणि मी म्हणू मला सल्ला द्यायला कुणी नाही? सख्खी बहीण वकील असताना? कुणाची लाज धरली मी? तुझी! आणि ती तू आधीच मोजून ठेवली होतीस!"

वकीलबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि बँकेच्या कागदांवरच ठेवला. त्यांच्या खात्यात त्यांनी कितीतरी माणसं बघितली होती जी पैशांसाठी गप्प बसली, भीतीनं गप्प बसली, कंटाळून गप्प बसली. त्यांच्याबद्दल त्यांना कीव यायची. पण आज समोर जो कागद होता तो त्यांना वाचवायला निघाला होता, भावाची शेड खाऊन. वाचवणाऱ्याची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

"काय लिहितेस?" दादानं उभ्याउभ्याच विचारलं.

"अध्यक्षांना पत्र. एक, या करारात सल्लागार म्हणून माझं नाव आहे, मी सल्ला दिलेला नाही. दोन, हा प्रश्न मी तयार केला, आणि ग्राहकानं खोटं लिहावं अशाच हिशेबानं तयार केला. अशा प्रश्नावल्या किती बँकांत चालतात त्याची यादी सोबत. तीन, विभागातून मला मोकळं करा आणि साक्षीला बोलवा."

"आत्या, थांबा," जावई म्हणाला. नम्रपणा संपला होता. "दुसरा मुद्दा कुणी मागितलाय तुमच्याकडे? पहिल्यात तुम्ही सुटताय. दुसऱ्यात तुम्हीच अडकताय!"

"पहिल्यानं मी सुटते, जावईबापू. दादा दुसऱ्यानं सुटतो; त्याचा 'हो' सापळ्यातला ठरतो. आणि तो बरणीवालाही."

"आणि मी? साक्षीदार म्हणून माझं नाव आहे त्यावर!"

"तेही लिहिणार. माझ्या नावाच्या खाली."

"तू सांग ना आत्याला," जावई बायकोकडे वळला.

भाचीनं इतका वेळ काचेवरून नजर उचलली नव्हती. आता उचलली. "बाबांनी नाव लिहिलं तेव्हा तुला माहीत होतं, आत्याला यातलं काही माहीत नाही?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी एक विचारलंय."

"सगळेच लिहितात गं! कुणाचंही नाव लिहितात! कुणी थांबवत नाही!"

"माहीत होतं का?"

"होतं."

भाचीनं पुढे वाकून बँकेच्या कागदांचा गठ्ठा लॅपटॉपखालून ओढून काढला, म्हणजे लॅपटॉप सपाट बसेल. "लिही, आत्या."

पत्र दीड पानाचं झालं. रविवार असूनही अध्यक्षांचं उत्तर वीस मिनिटांत आलं. अध्यक्ष कधीच इतक्या लवकर उत्तर देत नसत. वकीलबाईंनी त्यावरूनच उत्तर ओळखलं. विभागाचा कार्यभार तत्काळ सोडावा. आपल्या पूर्वीच्या कामाची स्वतंत्र चौकशी होईल. तक्रार दाखल झाल्यास, चौकशी पूर्ण होईपर्यंत तक्रारदाराशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संपर्क ठेवू नये.

"तक्रारदार कोण?" दादानं विचारलं.

"तू. तक्रार केलीस तर."

"संपर्क म्हणजे?"

"भेट, फोन, निरोप, सगळं."

"किती दिवस?"

"मागच्या अशा चौकशीला अडीच वर्षं लागली."

"अडीच वर्षं!" दादा कडाडला. "सख्ख्या बहिणीशी बोलायचं नाही? हा कुणाचा नियम?"

"खात्याचा. आणि बरोबर आहे. नाहीतर म्हणतील, बहिणीनं भावाला पढवलं."

"आणि सही केली तर?"

"तर मी दर रविवारी येईन. आणि मागच्या खिडकीतून आपण दोघं बँकेची शेड बघत बसू."

दादा खिडकीपाशी गेला. खाली नव्या शेडचं पत्र्याचं छप्पर उन्हात तापत होतं. त्यानं छपराचे पत्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजले. मग तो परत आला, तडजोडीचा कागद घडीवर घडी घालून पाकिटात भरला आणि पाकीट जावयाच्या हातात दिलं.

"तुमच्या साहेबांना द्या. म्हणावं, सही नाही. उद्या नऊ वाजता मी तक्रार देणार आहे." मग बहिणीकडे वळून, तितक्याच रागानं, "आणि तू ऊठ. अजून इथे का बसलीस?"

"तक्रार उद्या आहे, दादा."

"पण ती लिहायची आज आहे ना? तू समोर बसलेली असताना मी कशी लिहू? पढवलं म्हणतील. ऊठ!"

वकीलबाई उठल्या. लॅपटॉप पिशवीत ठेवताना त्यांना जरा वेळ लागला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू तोही नोंदवला जाईल. जावई पाकीट हातात धरून कुणीतरी आपल्याशी भांडेल म्हणून थांबला होता, पण कुणाला सवड नव्हती.

"दोन गोष्टी मात्र तुला ऐकवणार होतो," दादा म्हणाला. "प्रश्नाबद्दल. माझं बोलून झालेलं नाही."

"बोल."

"आता कसं बोलू? अडीच वर्षं राग धरून ठेवायचा म्हणजे! या वयात!"

"लिहून ठेव."

"लिहूनच ठेवतो," दादा म्हणाला, आणि पाठ फिरवून उभा राहिला.

वकीलबाई बाहेर आल्या. चप्पल घातली. कारखान्याचा लोखंडी जिना अंधुक होता, खाली बंद प्रेसवर रविवारची कापडं टाकलेली. त्या दोन पायऱ्या उतरल्या असतील, तेवढ्यात वरून दादाचा आवाज आला. तो दारात आला नव्हता. आतूनच, भिंतीला उद्देशून, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडत होता.

"मी कुणालाही काही सांगत नाहीये! पण पुढची पायरी सैल झालीय! उद्या माणूस बोलावणार आहे!"

वकीलबाईंनी उत्तर दिलं नाही. उत्तर म्हणजे संपर्क झाला असता. त्यांनी कठडा घट्ट धरला, पायरी ओलांडली, आणि पलीकडच्या पायरीवर पाय जरा जोरातच आपटला, म्हणजे वर ऐकू जाईल.